भीतीचा आकडा आवडीत मिसळू नकोस

पत्र

ताई, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गाव सांगली जिल्ह्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रॅक्टिकल मला मनापासून आवडतात, टायट्रेशनची, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण टाकून आम्ल किंवा आम्लारी किती आहे ते मोजण्याची, रीडिंग्ज बहुतेक वेळा जुळतात. पण मागच्या सत्रात तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि येत असलेलं उत्तरसुद्धा तोंडातून फुटलं नाही. तेव्हापासून वर्गात हात वर करणंच बंद केलंय. पप्पा म्हणतात, एमपीएससी कर. मलाही तेच बरं वाटतं, कारण अभ्यासिकेत बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. मैत्रीण पुण्याला संगणकाचा कोर्स करायला निघालीय, ती म्हणते तूही चल. आमचे सर म्हणतात, एमएस्सी कर. माझ्यात आत्मविश्वासच नाही, मग मी निवडू काय? आधी आत्मविश्वास कसा आणायचा ते सांगा.
— शेवटच्या बाकावरची

उत्तर

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: 'अभ्यासिकेत बसायचं, कुणाशी बोलायचं नाही.' प्रशासनाची, कायद्याची किंवा लोकांच्या कामाची ओढ तू कुठेच लिहिलेली नाहीस. एमपीएससी तुला बरी वाटते, कारण तिथे काही वर्षं तोंड उघडावं लागणार नाही असा तुझा समज आहे. म्हणजे ही वाट तुझ्या आवडीने नाही, भीतीने शोधून दिली आहे. आणि तो समजही खरा नाही. राज्यसेवेत मुख्य परीक्षेनंतर मुलाखत असते, नव्या वर्णनात्मक पद्धतीत ती २७५ गुणांची आहे. मुलाखत नसलेल्या परीक्षाही आहेत, तलाठ्याची घे. पण तलाठी झाल्यावर सातबारासाठी आलेले, बांधावरून भांडून आलेले, पंचनाम्यासाठी खोळंबलेले लोक रोज समोर उभे राहतात. तिथे बोलणं टळत नाही, फक्त चार-पाच वर्षं पुढे जातं. मधल्या काळात बोलण्याची सवय आणखी मोडते. एमपीएससी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती करायची तर ते काम हवंय म्हणून कर.

दुसरी गोष्ट. आधी आत्मविश्वास आणि मग निवड, हा क्रमच उलटा आहे. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'हे काम मला जमेल' या विश्वासाची मांडणी केली. त्याच्या मते हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, विश्वासाच्या माणसाचं सांगणं आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यांत सगळ्यात जोर पहिल्याचा. म्हणून 'तू करू शकतेस' असं शंभर वेळा ऐकूनही फारसा फरक पडत नाही, आणि एक अवघड प्रयोग हाताने पुरा केला की पडतो. शिवाय हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. ब्युरेट, म्हणजे टायट्रेशनची मोजनळी, हातात घेताना तुझा हात थरथरत नाही, म्हणजे 'माझ्यात आत्मविश्वास नाही' हे तुझं वाक्य चुकीचं आहे. खरं वाक्य असं: 'अनोळखी परीक्षकासमोर इंग्रजीत तोंडी उत्तर देण्याचा सराव मला नाही.' सराव कसा करायचा ते सांगता येतं.

१९८१ मध्ये गेल हॅकेट आणि नॅन्सी बेट्झ या मानसशास्त्रज्ञांनी हाच विचार करिअरच्या निवडीला लावून पाहिला. स्वतःच्या कुवतीबद्दलचा अंदाज कमी असला की मुली कितीतरी क्षेत्रं आजमावण्याआधीच यादीतून काढून टाकतात, हा त्यांचा मुद्दा होता. तुझ्या बाबतीत नेमकं हेच घडू लागलंय. प्रयोगशाळेतलं काम तुला आवडतं असं तूच लिहितेस, आणि तुझ्या पर्यायांत ते कुठेही नाही.

आता तोंडी परीक्षेकडे वळू. टायट्रेशनची रीडिंग जुळली नाहीत तर 'मला टायट्रेशन येत नाही' असं तू म्हणतेस का? नाही. तू बघतेस की ब्युरेटच्या तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिला होता का, डोळा द्रवाच्या वक्राच्या पातळीत होता का, फ्लास्क नीट धुतला होता का, शेवटचे थेंब घाईने पडले का. कारण सापडलं की पुन्हा करतेस. तोंडी परीक्षेतली चूकही अशीच तपासायची. माझ्या अंदाजाने तिथे तीन कारणं एकत्र आली.

पहिलं, तू उत्तरं वाचली होतीस, बोलली नव्हतीस. वहीत पाहून 'हे मला येतं' वाटणं म्हणजे ओळख पटणं. कोऱ्या डोक्यातून वाक्य बाहेर काढणं ही वेगळी कसरत आहे आणि ती तोंडानेच करावी लागते. दुसरं, इंग्रजी संज्ञा डोळ्याला ओळखीच्या आहेत, जिभेला नाहीत. 'फिनॉल्फ्थॅलीन' तू पन्नास वेळा लिहिलं असशील, मोठ्याने किती वेळा म्हटलंस? संज्ञेवर जीभ अडली की पुढचं सगळं विसरतं, आणि आपल्याला वाटतं विषयच येत नाही. तिसरं, भीतीने छाती धडधडली आणि ती धडधड म्हणजेच अपयश असं तू धरलंस.

तिन्हींवर आठ आठवडे काम कर, रोज पाऊण तास पुरे. प्रात्यक्षिकांच्या वहीतून साठ संज्ञा काढ, दिवसाला सहा. मोबाइलवरच्या शब्दकोशात उच्चार ऐकायचा, पाच वेळा मोठ्याने म्हणायचा, मग ती संज्ञा वापरून सहा-सात शब्दांचं छोटं इंग्रजी वाक्य बोलायचं. लांब वाक्याच्या नादी लागू नकोस. इंग्रजीत अडणारी मुलं बहुधा मनातलं लांबलचक मराठी वाक्य तसंच्या तसं इंग्रजीत आणायला जातात आणि मध्येच अडकतात.

मग तीस प्रश्न निवड आणि प्रत्येकाचं उत्तर एकाच साच्यात बसव: काय, का, उदाहरण. 'दुर्बल आम्ल आणि तीव्र आम्लारीच्या टायट्रेशनला फिनॉल्फ्थॅलीन का?' हा प्रश्न घे. काय: ते दर्शक आहे, सुमारे ८.३ ते १० सामूच्या (पीएचच्या) दरम्यान रंगहीनाचं गुलाबी होतं. का: या टायट्रेशनचा समतुल्य बिंदू, म्हणजे आम्ल आणि आम्लारी बरोबर पुरे पडतात ती जागा, ७ सामूच्या वर येतो. उदाहरण: ॲसिटिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड. झालं उत्तर, चाळीस सेकंदांत. आधी मराठीत बोल, अर्थ पक्का कर, मग इंग्रजीत. फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐकताना एकच दोष धर. सगळे दोष एकदम सुधारायला गेलीस तर तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग बंद पडेल.

लोकांसमोर बोलण्याच्या पायऱ्या चढत्या लाव. पहिला आठवडा: तास संपल्यावर सरांना एकटं गाठून एक प्रश्न, आधी कागदावर लिहिलेला. दुसरा: शेवटचा बाक सोडून दुसऱ्या रांगेत बस आणि तोच प्रकार वर्ग चालू असताना कर, आठवड्यात दोनदा. तिसरा-चौथा: पहिल्या वर्षाच्या एका मुलीला एक प्रयोग समजावून दे. पाचवा-सहावा: तिघी-चौघींसमोर फळ्यापाशी उभं राहून पाच मिनिटं. सातवा: सरांना विनंती करून दहा मिनिटांची खोटी तोंडी परीक्षा, शक्यतो तुला न शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून. आठवा: तीच पुन्हा, वेगळ्या प्रश्नांवर. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर भीतीला ० ते १० मधला आकडा दे आणि वहीत लिही.

इथे दोन चुका हमखास होतात. काही मुली भीती घालवायची म्हणून पहिल्याच आठवड्यात वक्तृत्व स्पर्धेत नाव देतात. तिथे फजिती झाली की ती वर्षभर पुरते. दुसरी चूक जास्त नुकसानीची: भीती ७-८ वर असताना 'पोटात दुखतंय' म्हणून मधूनच उठून जाणं. उठल्याबरोबर सुटल्यासारखं वाटतं आणि मनाला धडा मिळतो की पळाल्यानेच वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. म्हणून पायरी लहान ठेव, पण घेतलेली पायरी भीतीचा आकडा खाली येईपर्यंत सोडू नकोस. बोलण्याआधी दोन मिनिटं चार आकड्यांत श्वास आत आणि सहा आकड्यांत बाहेर, एवढं कर. धडधड पूर्ण थांबणार नाही, थांबायची गरजही नाही. धडधडत्या छातीने उत्तर देता येतं, हेच तर शिकायचंय.

मात्र एक वेगळं बघ. झोप उडाली असेल, कॉलेजला निघताना उलटी होत असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर हा सरावाने सोडवायचा प्रश्न नाही. तेव्हा घरातल्या एका माणसाला सांग आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

आता निवड. विचार करून ती होणार नाही, कारण एमपीएससी, एमएस्सी आणि संगणक या तिन्ही वाटांबद्दल तुझ्याकडे मुख्यतः दुसऱ्यांची मतं आहेत. प्रयोगशाळेतलं काम ही चौथी वाट मी त्यांत घालते. प्रत्येक वाटेची छोटी चव घे. प्रत्येकीला दहा-बारा तासांपेक्षा जास्त देऊ नकोस आणि पैसे शक्यतो खर्च करू नकोस.

एमपीएससीसाठी आयोगाच्या संकेतस्थळावरून राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सामान्य अध्ययनाचा एक जुना पेपर उतरवून घे, १०० प्रश्न, दोन तास, घड्याळ लावून सोडव. गुणांकडे आत्ता बघू नकोस, तयारीच नाही तर ते कमीच येणार. बघायचं ते हे की चुकलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधावीशी वाटली का. मग सहा दिवस रोज एका सार्वजनिक प्रश्नावर, गावचं पाणी, शाळेची पटसंख्या, ऊसतोड मजुरांची मुलं, असं अडीचशे शब्दांचं उत्तर हाताने लिही. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, त्यामुळे लिहिण्याचा कंटाळा येतो का हे कळायलाच हवं.

एमएस्सीसाठी आयआयटी जॅमचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, रसायनशास्त्राचा जुना पेपर घे. पूर्ण पेपर ६० प्रश्नांचा, १०० गुणांचा, तीन तासांचा असतो. तू शिकलेल्या भागातले वीसच प्रश्न निवड. एका प्रश्नाशी पंधरा मिनिटं झटताना वेळ कसा गेला ते लिही. तुझ्या सरांचा सल्ला चांगला आहे, पण एमएस्सी नुसतं 'पुढे काय' हा प्रश्न दोन वर्षं लांबवण्यासाठी केली तर तीही अभ्यासिकेसारखीच पळवाट होते.

प्रयोगशाळेच्या कामाची चव तुला घरापासून फार लांब न जाता घेता येईल, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पत्रात जिथे तुझा सूर मोकळा झालाय ती जागा हीच आहे. तुझ्या भागात गळीत हंगाम चालू असतो तेव्हा साखर कारखान्याची लॅब रात्रंदिवस चालते. रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, आणि पोलॅरिमीटर या ध्रुवित प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणावर पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, सतत मोजतात. पोलला ब्रिक्सने भागून शंभरने गुणलं की शुद्धता. ब्रिक्स १८ आणि पोल १५ असेल तर ८३.३. हा आकडा घसरला की ऊस शिळा आहे का, गिरणीत जंतू वाढून साखर खाल्ली जातेय का, याचा शोध सुरू होतो. तू वर्गात शिकलेलं प्रकाशाचं ध्रुवण तिथे रोजच्या निर्णयाला लागतं. बीएस्सी रसायनशास्त्रानंतर याच कामातलं पुढचं शिक्षण पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत आहे, साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञान दोन्हींचं. त्या वर्षीच्या प्रवेशाच्या अटी त्यांच्याच पत्रकात बघ. साखर नको असेल तर औषध कंपन्यांचा गुणवत्ता तपासणी विभाग आहे, पाणी आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, अन्नपदार्थांच्या आहेत.

विभागप्रमुखांचं पत्र घेऊन अशा एका लॅबमध्ये दोन दिवस बसायची परवानगी माग. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात असशील तर पुढे ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, करावीच लागेल, ४ श्रेयांक म्हणजे साधारण १२० तास. पुष्कळ मुलं ओळखीच्या दुकानातून नुसतं प्रमाणपत्र आणतात आणि हातात आलेली सगळ्यात उपयोगी संधी घालवतात. तू ते करू नकोस. दोन दिवसांची ओळख आत्ता झाली तर ओजेटीची जागा मागायला तोंड राहील.

तिथल्या तीन माणसांशी बोल: एक नुकतीच लागलेली, एक पाच-सात वर्षं झालेली, एक हे काम सोडून गेलेली. लॅबमध्ये काम करणारी बाई भेटली तर फारच उत्तम. बँड्युराने सांगितलेलं दुसरं ठिकाण हेच, आपल्यासारख्या माणसाला करताना पाहणं. 'स्कोप आहे का' हा प्रश्न विचारू नकोस, त्याला सगळे 'आहे की' म्हणतात. विचारायचं ते असं: काल कामावर आल्यापासून काय काय केलं? पहिला पगार हातात किती आला? हंगाम संपल्यावर काम राहतं का? रात्रपाळी आहे का, असेल तर घरी सोडायची गाडी आहे का? तुमच्याबरोबर लागलेले आज कुठे आहेत? उत्तरं तिथेच टिपून घे. आणि लक्षात घे, अनोळखी तिघांना हे विचारणं हीच तुझ्या बोलण्याच्या सरावाची एक पायरी झाली.

मैत्रिणीच्या संगणक कोर्ससाठी पुण्यात खोली घेण्याआधी तुझ्याच प्रयोगांचे आकडे एक्सेलमध्ये भर, आलेख काढ, सरळ रेषेचं समीकरण मिळव. यात दोन संध्याकाळी हरवून गेलीस तर पुढचा विचार करू. फक्त मैत्रीण जातेय म्हणून जाणार असशील तर थांब. नोकरीची हमी देणाऱ्या कोर्सवाल्यांकडून ती हमी लेखी माग आणि फी परत मिळण्याच्या अटी पैसे भरायच्या आधी वाच. याच ओघात आणखी एक: बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणाऱ्या चाचण्या गावोगाव विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. त्यावर एक रुपयाही घालू नकोस.

प्रत्येक चव घेतल्यावर त्याच दिवशी वहीत दोन आकडे लिही, दोन्ही ० ते १०: आवड किती आणि भीती किती. वेगवेगळ्या रकान्यांत. ही साधी गोष्ट वाटते, पण सगळा गोंधळ इथेच होतो. भीती कमी वाटली की माणूस त्यालाच आवड समजतो. आवड ३ आणि भीती २ असलेली वाट आरामशीर वाटते आणि दोन वर्षांनी तिथे जीव रमत नाही. आवड ८ आणि भीती ८ असलेली वाट आज नकोशी वाटते, पण तिच्यातली भीती वर सांगितलेल्या सरावाने खाली आणता येते. आवड मात्र सरावाने ३ वरून ८ वर जाईल याचा भरवसा नाही. म्हणून आधी फक्त आवडीचा रकाना बघून दोन वाटा ठेव, मग त्या दोघींमध्ये पैसा, अंतर, घरची परिस्थिती, नोकरीची शक्यता यांचा हिशेब कर. घरची ओढाताण असेल तर पगार लवकर सुरू होणारी वाट आधी घेण्यात कमीपणा नाही.

राहिले पप्पा. त्यांच्याशी बोलताना 'मला एमपीएससी करायची नाही' इथून सुरुवात केलीस तर बोलणं तिथेच संपेल. मुलीला सुरक्षित नोकरी असावी, ही त्यांची काळजी आहे आणि ती खरी आहे. आठ आठवडे झाल्यावर वही घेऊन बस. घरात पाहुणे नसतील, जेवणं झाली असतील, आई शेजारी असेल अशी वेळ बघ. एका पानावर तीन गोष्टी लिहून ने: कोणती वाट, तिला लागणारा काळ आणि खर्च, आणि ती न जमल्यास पुढे काय. तिसरी गोष्ट विसरू नकोस, आईवडिलांच्या मनातला प्रश्न बहुधा तोच असतो. लॅबमध्ये भेटलेल्या बाईंचा पगार, कामाची पाळी, घरी यायची सोय हे तू स्वतः विचारून आणलेलं सांगितलंस तर ते ऐकतील. लग्नाचा विषय निघाला तर 'पदवी झाल्यावर अमुक महिन्यापर्यंत' अशी तारीख माग. 'नंतर बघू' म्हटलंस तर ते कुणाच्याच ध्यानात राहत नाही. एमपीएससीबद्दल त्यांना खरं तेच सांग: पेपर सोडवून पाहिला, आवड अमुक, भीती अमुक. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वय चालतं, त्यामुळे आज नाही म्हटल्याने ते दार बंद होत नाही, हेही त्यांच्या कानावर घाल.

आणि पप्पा लगेच हो म्हणाले नाहीत तरी तुझं काम अडत नाही. दुसरं वर्ष पुरं व्हायचंय. जॅमचे अर्ज बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, म्हणजे तुझ्यासाठी तिसऱ्या वर्षात. तोवर ओजेटीची जागाही ठरवायची असेल. या सोमवारी मात्र एकच कर. तास संपल्यावर विचारायचा तो पहिला प्रश्न रविवारी रात्री कागदावर लिहून ठेव आणि सोमवारी तो सरांना विचार.